‘सौजन्य : इंटरनेट’ : परवानगीशिवाय वापरलेल्या चित्राखाली काय लिहावे?

मराठी संकेतस्थळांवर चित्राखाली सर्वांत जास्त वेळा दिसणारी ओळ कोणती, असे मला विचारले तर उत्तर द्यायला वेळ लागणार नाही. ‘सौजन्य : इंटरनेट.’ कधी ती ‘सौजन्य : गूगल’ अशी येते, कधी ‘आंतरजालावरून साभार’. गेली बरीच वर्षे मी जुन्या मराठी चित्रपटांची स्थिरचित्रे, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि दिवाळी अंकांतली चित्रे यांचा माग काढत आले आहे. या कामात चित्रांइतक्याच चित्राखालच्या ओळी वाचाव्या लागतात. चित्र कोणी काढले, कधी काढले, पहिल्यांदा कुठे छापले, याचा धागा त्या ओळीतच मिळायचा असतो. आणि बहुतेक वेळा तो तिथेच तुटतो.

आपण कथा-कवितांची समीक्षा करतो, मुखपृष्ठांचीही क्वचित करतो. चित्राखालच्या ओळीची कोणी करत नाही. ती संपादकीय किरकोळ बाब समजली जाते. पण ती ओळ हाही एक मजकूर आहे. तो काही दावे करतो, आणि ते दावे खरे किंवा खोटे असतात. दुसऱ्याच्या मालकीचे चित्र परवानगी न घेता, पण कायद्याने दिलेल्या मुभेत राहून वापरले असेल, तर त्याखालच्या ओळीने काय सांगायला हवे, एवढाच प्रश्न मी या लेखात घेते आहे.

‘सौजन्य : इंटरनेट’पासूनच सुरुवात करू. यातला अर्धा दोष सर्वांच्या लक्षात येतो. इंटरनेट हा कोणी इसम नाही. फुटपाथवर मिळालेल्या पुस्तकाबद्दल लिहिताना ‘लेखक : फुटपाथ’ असे आपण लिहीत नाही. जिथे सापडले ती जागा आणि ज्याने केले तो माणूस, यांत ही ओळ गल्लत करते.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो ‘सौजन्य’ या शब्दात आहे. छापील जगात या शब्दाला ठरलेला अर्थ होता. अमुक यांच्या संग्रहातून, त्यांनी चांगुलपणाने दिले म्हणून, आम्ही हे चित्र छापतो आहोत. म्हणजे विचारणा झाली होती आणि होकार मिळाला होता. म्हणून छायाचित्रकाराचे नाव अचूक असले तरी, त्याला न विचारता चित्र घेतले असेल तर ‘सौजन्य : अमुक’ ही ओळ खोटीच ठरते. त्याने कसलेही सौजन्य दाखवलेले नसते. आपण ते परस्पर त्याच्या नावावर जमा केलेले असते.

‘साभार’ थोडा बरा. आभार एकतर्फी मानता येतात. पण मराठी लेखकाला हा शब्द कसा भेटतो ते आठवावे: ‘साभार परत’. तिथे आभार ही केवळ रीत असते, निर्णय वेगळाच असतो. चित्राखालचा ‘साभार’ही बहुधा असाच, रीत पाळली एवढेच सांगणारा. कोणाचे आभार, कशाबद्दल आणि चित्रावर हक्क कोणाचा, हे तो सांगत नाही.

तिसरी ओळ अलीकडे वाढली आहे: ‘सर्व हक्क मूळ मालकाकडे. हक्कभंगाचा हेतू नाही.’ ही ऐकायला नम्र वाटते. पण मूळ मालक कोण हे न सांगता त्याचे हक्क मान्य करणे म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट टपालात टाकणे. शिवाय कायदा इथे आधी हेतू विचारत नाही, वापर विचारतो. चौथी ओळ ‘प्रातिनिधिक छायाचित्र’. वर्तमानपत्रांतली ही प्रथा मला मनापासून आवडते, कारण तिथे वाचकाला एक खरी गोष्ट सांगितलेली असते: चित्रातली घटना ही बातमीतली घटना नव्हे. पण तिचा संबंध चित्राच्या सत्याशी आहे, मालकीशी नाही. दोन्ही कामे एका ओळीने भागत नाहीत.

आता कायद्याची मुभा नेमकी काय आहे ते पाहू. तिला अमेरिकेत ‘फेअर यूज’ म्हणतात. १८४१ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्रांवरून झालेल्या एका खटल्यात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी तिचे निकष मांडले आणि १९७६ च्या अमेरिकी कायद्याच्या १०७ व्या कलमात ते आले. वापर कशासाठी आहे, मूळ कृती कोणत्या जातीची आहे, तिचा किती आणि कोणता भाग घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीच्या बाजारावर काय परिणाम होतो, हे चार प्रश्न तिथले न्यायालय एकत्र तोलते. उत्तर आधीपासून ठरलेले नसते.

भारतात शब्द आहे ‘फेअर डीलिंग’. मी दोन्हींसाठी ‘रास्त वापर’ म्हणते, पण फरक लक्षात ठेवायला हवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम हेतूंची यादी देते: खाजगी वापर व संशोधन, त्या कृतीची किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीची समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन. याखेरीज शिक्षण, ग्रंथालये वगैरेंसाठी वेगळ्या मुभा आहेत. यादीत हेतू बसला, की मग तो वापर रास्त होता का हा प्रश्न येतो. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली एका मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन कसोट्या लावल्या: किती आणि किती मोलाचे घेतले, कशासाठी घेतले आणि दोन कृतींमध्ये स्पर्धा होण्याचा संभव आहे का. प्रतिनाटकाला दिलासा मिळाला.

या सगळ्यातून चित्राखालच्या ओळीबद्दल एक गोष्ट लगेच निघते. रास्त वापर म्हणजे परवानगीशिवाय केलेला वापर. परवानगी असेल तर या मुभेची गरजच नाही. तेव्हा रास्त वापराच्या चित्राखाली ‘सौजन्य’ लिहिणे म्हणजे आपल्या बाजूने असलेली खरी गोष्ट लपवून नसलेली गोष्ट सांगणे होय. आपली बाजू ‘त्यांनी दिले’ ही नसून ‘यावर लिहायचे होते, म्हणून दाखवणे भाग होते’ ही आहे.

ओळीचे वजन किती असू शकते, हे न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात दिसले. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी संगीतवृंदाचा सचित्र इतिहास डॉर्लिंग किंडर्स्ली या प्रकाशनाने २००३ साली काढला. त्यात जुन्या मैफलींची भित्तिपत्रके आणि तिकिटे छापायची होती. त्यांचे हक्क बिल ग्रॅहम आर्काइव्ह्ज या संस्थेकडे होते. प्रकाशकाने परवानगी मागितली, मोबदल्यावर एकमत झाले नाही, आणि तरीही सात चित्रे ४८० पानांच्या त्या पुस्तकात छापली गेली. २००६ साली अपिलीय न्यायालयाने हा वापर रास्त ठरवला. चित्रे मुळापेक्षा बरीच लहान होती, काळाच्या पट्टीवर मजकुराबरोबर मांडलेली होती, आणि प्रत्येक चित्राजवळची ओळ ते कोणत्या मैफलीचे आहे हे सांगत होती. भित्तिपत्रकाचा मूळ हेतू लोकांना मैफलीला बोलावण्याचा. पुस्तकात तेच चित्र ती मैफल झाली होती याचा पुरावा म्हणून उभे होते. हा बदल घडवण्यात मजकुराचा आणि त्या छोट्या ओळीचा वाटा होता. तीच चित्रे ओळीविना, पानभर मोठी छापली असती तर ती पुन्हा भित्तिपत्रकेच झाली असती.

हेतू वापरागणिक बदलतो, ही गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली आणखी ठळक केली. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्स यांचे छायाचित्र काढले होते. १९८४ साली ‘व्हॅनिटी फेअर’ने ४०० डॉलर देऊन, एकदाच वापरण्याच्या बोलीवर ते घेतले, अँडी वॉरहॉल यांनी त्यावरून चित्र केले आणि मासिकाने मूळ छायाचित्रासाठी गोल्डस्मिथ यांचे नाव छापले. २०१६ साली प्रिन्स वारले. मासिकाच्या मालक कंपनीने वॉरहॉल यांनी त्याच छायाचित्रावरून केलेले दुसरे चित्र त्यांच्या प्रतिष्ठानकडून १०,००० डॉलर देऊन घेतले आणि विशेषांकाच्या मुखपृष्ठावर वापरले. या वेळी गोल्डस्मिथ यांना पैसेही मिळाले नाहीत आणि नावही नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की मासिकाला चित्र विकण्याच्या या विशिष्ट वापरात प्रतिष्ठानचा हेतू गोल्डस्मिथ यांच्या छायाचित्राच्या हेतूपासून पुरेसा वेगळा नाही. संग्रहालयात तेच चित्र टांगण्याबद्दल न्यायालयाने मत दिले नाही. म्हणजे चित्र रास्त किंवा बेकायदा नसते. वापर तसा असतो. ‘हे चित्र रास्त वापराचे आहे’ ही ओळ म्हणूनच अपुरी आहे. ‘या लेखात, या कारणासाठी’ हे तिच्यात यायलाच हवे.

संकेतस्थळांच्या जगात ही शिस्त सर्वांत काटेकोरपणे बसवण्याचा प्रयत्न विकिपीडियाने केला. २३ मार्च २००७ रोजी विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने ठराव केला, की मुक्त परवान्यात नसलेली चित्रे वापरायची असतील तर प्रत्येक प्रकल्पाने त्याचे लेखी धोरण करावे, अशी चित्रे कमीत कमी असावीत, मुक्त पर्याय मिळाला की बदलावीत, आणि समर्थन नसलेले चित्र काढून टाकावे. त्या ठरावातली एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अशी चित्रे संगणकाला वाचता येईल अशा रीतीने ओळखलेली असावीत, म्हणजे स्थळाच्या वाचकांना आणि तिथून मजकूर पुढे नेणाऱ्यांनाही ती वेगळी कळतील. ‘पुढे नेणारे’ हा माणूस धोरणात इतका स्पष्ट उभा केलेला मी इतरत्र क्वचितच पाहिला.

इंग्रजी विकिपीडियावर एखाद्या चित्रपटाच्या भित्तिपत्रकाचे पान उघडले, तर तिथे हे सगळे तपशील कोष्टकात दिसतात: कृती कोणती, हक्क कोणाचा, कुठून घेतली, कोणत्या लेखात वापरली, किती भाग घेतला, आकार कमी केला का, मुक्त पर्याय का नाही. एकच चित्र दोन लेखांत वापरले तर दोन वेगळी समर्थने लिहावी लागतात. वर सांगितलेल्या निवाड्याच्या कितीतरी आधी हा नियम तिथे होता. आणि सर्वांचे सामाईक चित्रभांडार असलेल्या ‘कॉमन्स’वर रास्त वापराच्या चित्रांना मुळीच जागा नाही, तिथली चित्रे कोणीही कुठेही न्यावीत हीच त्या भांडाराची प्रतिज्ञा आहे.

ही व्यवस्था मला आदर्श वाटते का? पूर्ण नाही. तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली, समर्थने साच्यातली झाली आहेत. ‘लेखाच्या विषयाची दृश्य ओळख पटवण्यासाठी’ हे वाक्य हजारो भित्तिपत्रकांना चालते. जे कारण सर्व चित्रांना लागू पडते ते कोणत्याच चित्राचे खरे कारण नसते. दुसरी उणीव जागेची. हे सगळे तपशील चित्रावर टिचकी मारल्यावर दिसतात. लेख वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्राखाली असते ती फक्त ‘भित्तिपत्रक’ अशी ओळ. चित्रकाराचे नाव, हक्क आणि कारण हे तिघेही मागच्या खोलीत. ज्याला शंका आहे तोच टिचकी मारतो. ज्याला शंकाच नाही तो चित्र उचलून निघून जातो, आणि खरे तर ती ओळ त्याच्यासाठीच हवी असते.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येते. रास्त वापराच्या चित्राखालची ओळ आपण हक्कधारकाला उद्देशून लिहितो. त्याने रागावू नये, दावा लावू नये, म्हणून तिच्यात हात जोडण्याचा स्वर येतो. माझे म्हणणे असे, की ती ओळ हक्कधारकासाठी नसतेच. त्याला स्वतःचे चित्र ओळखू येते. ती असते पुढच्या माणसासाठी, जो आपल्या पानावरून ते चित्र उचलणार आहे. आपल्याला जी मुभा मिळाली ती आपल्या हेतूमुळे मिळाली. ती चित्राला चिकटलेली नाही आणि चित्राबरोबर पुढे जात नाही. मी एखाद्या मुखपृष्ठाच्या अक्षररचनेवर लिहिले म्हणून ते दाखवले. माझ्या पानावरून ते उचलून कोणी शुभेच्छापत्र केले तर माझे कारण त्याच्या कामी येणार नाही. हे त्याला कळण्याची एकच जागा आहे, ती चित्राखालची ओळ.

चुकीची ओळ किती दूर जाते, याचे एक उदाहरण जगासमोर आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला. तिथले छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी उद्ध्वस्त शहराची छायाचित्रे ट्विटरवरून लोकांसमोर ठेवली. ती दुसऱ्या एकाने उचलून आपल्या नावावर लावली. एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्या दुसऱ्या नावाने घेतली आणि गेटी या चित्रसंस्थेमार्फत ती जगभर गेली. पुढे चूक लक्षात आली, दुरुस्तीच्या सूचना निघाल्या, तरी चुकीच्या नावाच्या प्रती फिरतच राहिल्या. २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यूरीने आठ छायाचित्रांसाठी मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलर देवविले. हा रास्त वापराचा खटला नव्हता, तो विक्रीचा होता. पण ओळीबद्दलचा धडा तोच आहे. नाव एकदा बदलले की पुढची प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीवर विश्वास ठेवते. दुरुस्ती मागून धावते आणि तिला सगळ्या प्रती सापडत नाहीत.

आपल्याकडे इतका पैसा गुंतलेला नसतो, म्हणून खटले होत नाहीत. नुकसान मात्र होते, आणि ते स्मृतीचे असते. एका जुन्या चित्रपटाच्या स्थिरचित्राचा छायाचित्रकार शोधताना मी पाच संकेतस्थळांमधून गेले. पहिल्याने दुसऱ्याचे सौजन्य मानले होते, दुसऱ्याने तिसऱ्याचे, असे करत पाचव्यावर ‘सौजन्य : इंटरनेट’. मारुतीच्या शेपटासारखी ही साखळी लांबत गेली आणि टोकाला माणूस नव्हता. मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘स्थिरचित्रण’ असा स्वतंत्र उल्लेख असे. ज्या चित्रांमुळे आपल्याला ते चित्रपट आठवतात, त्यांतली पुष्कळशी पडद्यावरची नसतातच. ती चित्रीकरणाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या या माणसांनी काढलेली असतात. त्यांची नावे पडद्यावर होती. संकेतस्थळांवर ती उरली नाहीत.

हा फरक कायद्यातही आहे. चित्रपटातली एखादी चौकट छायाचित्र म्हणून काढली तर तो चित्रपटाच्या प्रतीचाच भाग. चित्रपटाची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे १९६० सालच्या ‘जगाच्या पाठीवर’ची चौकट १ जानेवारी २०२१ पासून कोणीही वापरावी, गीते-संगीताचे हक्क निराळे. पण स्थिरचित्रकाराने काढलेले छायाचित्र ही वेगळी कृती आहे. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे होती. दुरुस्तीनंतर ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे. कर्ता अज्ञात असेल तर मुदत प्रकाशनापासून मोजतात, आणि ती संपण्याआधी तो कोण हे उघड झाले तर मृत्यूपासून. म्हणजे नाव लिहिणे हा केवळ आदराचा भाग नाही. नावाशिवाय चित्र अजून कोणाच्या हक्कात आहे की सर्वांचे झाले आहे, हे गणितच मांडता येत नाही.

मुखपृष्ठांचे तसेच. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली चित्रे २०३१ अखेरपर्यंत कायद्याच्या संरक्षणात आहेत. रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले. त्यांची २०३६ अखेरपर्यंत. हक्क आज वारसांकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे त्या त्या वेळच्या करारावर ठरेल. तरी या दोघांच्या चित्रांवर लिहिणाऱ्याला ती दाखवायची मुभा ५२ व्या कलमाने आजच दिली आहे. दलालांच्या रेषेबद्दल चार परिच्छेद लिहून दलालांचे एकही चित्र न दाखवणे ही वाचकाची फसवणूकच होईल. भीतीपोटी असे बिनचित्रांचे लेखही आता येऊ लागले आहेत. एकीकडे ‘इंटरनेटच्या सौजन्याने’ वाटेल ते उचलणारे, दुसरीकडे कायद्याच्या धाकाने हक्काचेही न वापरणारे. दोघांचीही अडचण एकच: आपण हे चित्र का वापरतो आहोत हे त्यांनी लिहून पाहिलेले नसते.

उलट दिशेची चूकही तितकीच मोठी आहे. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांच्या चित्रांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही. तरीही त्यांच्या शिळाछापांवर आपला शिक्का मारून ‘सर्व हक्क राखीव’ लिहिणारी स्थळे आहेत. आणि ‘रास्त वापराखाली’ अशी ओळ घालणारीही आहेत, जी जास्त प्रामाणिक वाटतात पण असतात तितकीच चुकीची. जे सर्वांचे झाले आहे त्याखाली ‘रास्त वापर’ लिहिले की वाचक समजतो, हे वापरायला कारण लागते. सार्वजनिक विहिरीवर ‘मालकाच्या परवानगीने’ अशी पाटी लावण्यासारखे हे आहे. सपाट चित्राची हुबेहूब छायाचित्र-प्रत काढल्याने नवा हक्क तयार होत नाही, असे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात सांगितले. आपल्याकडेही नुसत्या श्रमाला नव्हे तर थोड्या तरी सर्जकतेला हक्क मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कायद्याच्या अहवालांविषयीच्या एका निकालात म्हटले. तेव्हा ओळ लिहिण्याआधी पहिला प्रश्न हाच: हे चित्र अजून कोणाचे आहे, की सर्वांचे?

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. ओळ लिहिल्याने बेकायदा वापर रास्त होत नाही. नाव लिहिले म्हणजे चोरी माफ, असे कोणताही कायदा म्हणत नाही. उलट ओळ न लिहिल्यानेही रास्त वापर आपोआप बाद होत नाही. मग एवढा खटाटोप कशाला? छोटी संकेतस्थळे चालवणारी माणसे हौशी असतात, पदरचे पैसे घालतात. प्रत्येक चित्राखाली पाच ओळी लिहायला त्यांना वेळ कुठून?

माझे उत्तर असे. ओळ वापराला रास्त करत नाही, पण वापर रास्त आहे की नाही हे आधी आपल्यालाच दाखवते. ‘या लेखात हे चित्र अशासाठी आहे’ असे त्या एकाच चित्राला लागू पडणारे वाक्य लिहायला बसावे. ते सुचले तर चित्र ठेवावे. ‘लेख सुशोभित करण्यासाठी’ एवढेच सुचले तर चित्र काढावे आणि एखादे मुक्त चित्र लावावे. दुसरे, ओळीला आपल्या कायद्यात वजन आहेच. ५७ वे कलम कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि तो हक्क कृती विकल्यानंतरही त्याच्याकडे राहतो. २०१२ साली आलेले ६५-ब हे कलम कृतीचे नाव, कर्त्याचे नाव, हक्काच्या अटी अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे वा बदलणे हा गुन्हा मानते. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. चित्राच्या कडेची सही कापून ते लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

राहिला वेळ. त्याला पाच ओळी लागत नाहीत. उदाहरणादाखल एक नमुना देते: ‘मुखपृष्ठ : दीनानाथ दलाल (१९१६–१९७१). पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष. हक्क राखीव. लेखातल्या अक्षररचनेच्या चर्चेसाठी, परवानगीविना, लहान आकारात. इतर कामासाठी हक्कधारकांना विचारावे.’ यात कृती आहे, कर्ता आहे, हक्काची स्थिती आहे, कारण आहे आणि पुढच्या माणसाला सूचना आहे. ‘परवानगीविना’ हा शब्द लिहायला संपादक बिचकतील. पण रास्त वापरात तोच शब्द सर्वांत प्रामाणिक आहे, आणि कारण शेजारी असले की तो गुन्ह्याची कबुली राहत नाही. कर्ता सापडत नसेल तर ‘कर्ता अज्ञात’ लिहावे आणि चित्र कुठल्या अंकातून, कितव्या पानावरून घेतले ते लिहावे. त्या पानावरून उद्या कोणाला तरी नाव सापडेल. ‘इंटरनेट’वरून कधीच सापडणार नाही.

आणि ही ओळ चित्राखालीच असावी. टिचकीमागे नको, स्थळाच्या तळाशी सर्व चित्रांसाठी मिळून एक निवेदन तर नकोच. जमेल त्याने तीच माहिती चित्राच्या फाइलमध्येही भरावी. कर्ता, श्रेय, हक्क यांसाठी तिथे ठरलेले रकाने असतात. मात्र समाजमाध्यमांवरून जाताना ते रकाने पुष्कळदा पुसले जातात, म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या ओळीला पर्याय नाही.

हे आत्ताच म्हणायचे कारण आहे. जुने दिवाळी अंक आता झपाट्याने संगणकावर चढत आहेत. काही ग्रंथालये करतात, काही हौशी माणसे घरची कपाटे रिकामी करून करतात. कागद पिवळा पडतो आहे आणि तो उद्या तुटेल, म्हणून हे काम फार मोलाचे आहे. पण अंकातून चित्र सुटे काढले जाते त्या क्षणी अनुक्रमणिका मागे राहते, आणि चित्रकाराचे नाव बहुधा त्या अनुक्रमणिकेतच, बारीक टाइपात असते. पुढच्या दहा वर्षांत ही चित्रे हजारो ठिकाणी जातील. ती कोणत्या नावाने जातील, हे आज स्कॅनरसमोर बसलेला माणूस त्या फाइलखाली काय टंकतो यावर ठरणार आहे. त्याने चित्राबरोबर अनुक्रमणिकेचे पानही स्कॅन करावे आणि त्यातले नाव चित्राखाली उतरवावे. त्याला चित्रामागे एखादा मिनिट जास्त लागेल. नंतर येणाऱ्या अभ्यासकांची वर्षे वाचतील.